ताटावरचा आळ

चाळिशीतल्या माणसाला हृदयविकाराचा झटका आला, की पहिली चौकशी होते ती त्याच्या खाण्यापिण्याची. वडापाव किती खायचा, रविवारचे मटण चुकवायचा का, भातावर तूप किती ओढून घ्यायचा, सकाळी फिरायला जायचा की नाही. यातले काही सापडले की सगळ्यांना हायसे वाटते, कारण मिळाले. काहीच सापडले नाही, माणूस काटकुळा, शाकाहारी आणि निर्व्यसनी निघाला, तर ‘टेन्शन’ राखून ठेवलेले असतेच. आजारी माणसाच्या वर्तनातच त्याच्या आजाराचे मूळ शोधण्याची ही सवय जुनी आहे आणि कोलेस्टेरॉलच्या बाबतीत तिला शास्त्राचा आधार आहे असा समज पक्का झालेला आहे. माझे म्हणणे असे, की शास्त्राचा पुरावा गेली पन्नास वर्षे वेगळीच गोष्ट सांगतो आहे. रक्तातले घातक कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, किती असेल, हे मुख्यतः यकृताच्या पेशींवरचे एक प्रथिन ठरवते. एलडीएल रिसेप्टर हे त्याचे नाव. ताटाचा त्यात वाटा आहे, पण तोही बऱ्याच अंशी याच प्रथिनाच्या मार्फत. आणि हे मान्य केले, तर तपासणी कधी करायची, कोणाची करायची आणि दोष कोणाला द्यायचा, या तिन्ही प्रश्नांची आपली नेहमीची उत्तरे बदलावी लागतात.

ताटावर आळ आला तो उगाच नव्हे. १९१३ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये निकोलाय अनिचकोव्ह यांनी सशांना सूर्यफुलाच्या तेलात विरघळवलेले शुद्ध कोलेस्टेरॉल खायला घातले आणि थोड्याच काळात त्यांच्या धमन्यांच्या भिंतींवर माणसांसारखेच थर दिसू लागले. प्रयोग चोख होता. मात्र हाच प्रयोग उंदरांवर आणि कुत्र्यांवर केला तेव्हा असे काही होईना. गवत खाणाऱ्या सशाच्या शरीराला कोलेस्टेरॉल पचवून बाहेर टाकण्याची सोय फारशी नसते, ती या प्राण्यांना असते. म्हणजे त्या पहिल्या प्रयोगातच खरा मुद्दा लपलेला होता: आत किती गेले यापेक्षा शरीर त्याची विल्हेवाट कशी लावते हे महत्त्वाचे. पण लोकांच्या मनात राहिला तो ससा. पुढे अमेरिकेत अंड्यांवर आणि आहारातल्या कोलेस्टेरॉलवर दिवसाला ३०० मिलिग्रॅमची मर्यादा सांगितली गेली आणि २०१५च्या तिथल्या आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वांतून ती मुकाट्याने वगळली गेली. दरम्यान १९९१ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एका ८८ वर्षांच्या वृद्धाची नोंद प्रसिद्ध झाली. हे गृहस्थ वर्षानुवर्षे रोज पंचवीस अंडी खात आणि त्यांचे रक्तातले कोलेस्टेरॉल अगदी सामान्य होते. त्यांचे आतडे कोलेस्टेरॉल फार कमी शोषत होते आणि यकृत त्याचे पित्ताम्ल करून बाहेर टाकत होते. एका माणसावरून नियम काढू नये हे खरेच; पण ताट आणि रक्त यांच्यात सरळ नळी जोडलेली नाही, एवढे तरी त्यावरून दिसते.

मधली ती जागा सापडली डल्लासमध्ये. टेक्सास विद्यापीठाच्या तिथल्या वैद्यकीय केंद्रात जोसेफ गोल्डस्टीन आणि मायकल ब्राऊन हे दोघे तिशीतले डॉक्टर एका आजाराच्या मागे लागले होते. फॅमिलियल हायपरकोलेस्टेरोलेमिया, थोडक्यात एफएच, हा आजार घराण्यातून येतो. आई किंवा वडील यांच्यापैकी एकाकडून दोष आला तर एलडीएल जन्मापासूनच दुपटीच्या आसपास असते आणि उपचार न झाल्यास पुरुषांपैकी निम्म्यांना पन्नाशीच्या आत हृदयविकार गाठतो. दोघांकडूनही दोष आला तर एलडीएल दर डेसिलिटर रक्तात पाचशे, सातशे, कधी हजार मिलिग्रॅमच्या घरात जाते. अशा मुलांच्या कोपरांवर, गुडघ्यांवर, टाचेमागच्या जाड शिरेवर पिवळसर गाठी येतात आणि शाळेच्या वयातच झटका येऊ शकतो. इथे ताटावर आळ घेणे अशक्यच. दहा वर्षांच्या मुलाने असे खाऊन खाऊन काय खाल्ले असणार? म्हणूनच आजाराचे हे दुर्मीळ रूप सर्वसाधारण आजाराची किल्ली ठरू शकेल, असे या दोघांना वाटले. निसर्गाने एकच गोष्ट बिघडवून बाकी सगळे जसेच्या तसे ठेवलेले असेल, तर बिघडलेली ती गोष्ट काय काम करते हे शोधता येते.

त्यांनी त्वचेच्या पेशी काचेच्या बशीत वाढवल्या. प्रत्येक पेशी स्वतःसाठी कोलेस्टेरॉल बनवू शकते. ते बनवण्याच्या साखळीतल्या एका एन्झाइमवर पेशीचा ताबा असतो: बाहेरून पुरेसे मिळाले की ते मंदावते, टंचाई झाली की वाढते. निरोगी माणसाच्या पेशींना एलडीएल दिले की हे एन्झाइम लगेच मंदावत असे. दोन्हीकडून दोष आलेल्या मुलांच्या पेशींत ते निरोगी पेशींच्या चाळीस ते साठपट होते आणि कितीही एलडीएल ओतले तरी हलत नव्हते. तेव्हा एन्झाइमच बिघडले असावे हा पहिला, सहज सुचणारा तर्क. तो तपासायला त्यांनी कोलेस्टेरॉल अल्कोहोलमध्ये विरघळवून थेट पेशीत शिरेल असे दिले, आणि आजारी पेशींतले एन्झाइमही निरोगी पेशींसारखेच मुकाट्याने खाली आले. म्हणजे कारखाना ठीक होता. बाहेर मुबलक माल आहे ही खबरच आत पोचत नव्हती, कारण माल उतरवून घेणाराच जागेवर नव्हता. किरणोत्सारी आयोडिनची खूण लावलेले एलडीएल वापरून १९७४ साली त्यांनी ते दाखवून दिले: निरोगी पेशींच्या पृष्ठभागावर एलडीएलचे कण नेमक्या जागी चिकटतात, आजारी पेशींवर जवळजवळ चिकटतच नाहीत. एलडीएल रिसेप्टर असा सापडला, त्याच्या अभावातून. एका साध्या, नेटक्या प्रयोगाने एवढे मोठे उत्तर मिळाल्याची उदाहरणे वैद्यकाच्या इतिहासात फार नाहीत, आणि १९८५चे नोबेल त्यांना मिळाले याचे कोणाला आश्चर्य वाटले नाही.

पुढचे तपशील तर आणखी बोलके आहेत. एका रुग्णाच्या पेशींवर रिसेप्टर होते, एलडीएल त्यांना चिकटतही होते, तरी आत जात नव्हते. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर कळले की निरोगी पेशीत हे रिसेप्टर पृष्ठभागावरच्या विशिष्ट खळग्यांत गोळा होतात. तो खळगा आत ओढला जातो, त्याची पिशवी होते, पिशवीतल्या आम्लात कण सुटतो आणि रिकामा रिसेप्टर पुन्हा पृष्ठभागावर येतो. या रुग्णाचे रिसेप्टर खळग्यांत जमतच नव्हते. नंतर जनुक वाचता आले तेव्हा दिसले की ८३९ अमिनो आम्लांच्या त्या प्रथिनात फक्त एक अमिनो आम्ल बदलले होते. निरोगी रिसेप्टरची अशी एक फेरी साधारण दहा मिनिटांत होते आणि त्याचे आयुष्य असते वीसेक तासांचे. तेवढ्यात तो शंभरावर खेपा करतो. यांतले बहुतेक काम यकृत करते. आता मोरीत पाणी साचले तर आपण नळ किती सुटा आहे ते पाहतो, पण खालची जाळी तुंबली आहे का हेही पाहतो. कोलेस्टेरॉलच्या बाबतीत मात्र आपण अर्धे शतक नळाकडेच बोट दाखवत आलो. रिसेप्टर निम्मे झाले की एलडीएलचा प्रत्येक कण रक्तात अधिक काळ फिरत राहतो, धमनीच्या भिंतीत शिरण्याची त्याला अधिक संधी मिळते. माणसाने अधिक खाल्ले म्हणून नव्हे, काढून घेणारे कमी म्हणून.

हे खरे असेल तर त्यातून एक कठोर भाकीत निघते: रिसेप्टर परत दिले की रक्त सुधारले पाहिजे, आहार तोच असला तरी. १९८४च्या फेब्रुवारीत ते तपासले गेले. टेक्सासची सहा वर्षांची स्टॉर्मी जोन्स हिला हा आजार दोन्हीकडून आला होता. पिट्सबर्गमध्ये थॉमस स्टार्झल यांच्या पथकाने तिच्यात एकाच वेळी नवे हृदय आणि नवे यकृत बसवले. हृदय बदलले ते झिजले होते म्हणून. यकृत बदलले ते केवळ त्याच्यावरच्या रिसेप्टरसाठी, एरवी ते धडधाकट होते. तिचे एलडीएल जवळपास ऐंशी टक्क्यांनी खाली आले. ती पुढे सहा वर्षे जगली. एका मुलीच्या आयुष्याकडे पुरावा म्हणून पाहणे जड जाते, पण कार्यकारणाचा इतका थेट पुरावा दुसरा सांगता येत नाही.

स्टॅटिन या औषधांची गोष्टही याच सूत्रात बसते, आणि ती बहुतेक वेळा चुकीची सांगितली जाते. जपानच्या अकिरा एंडो यांनी हजारो बुरश्या तपासून १९७३ साली एका पेनिसिलियम बुरशीतून पहिले स्टॅटिन वेगळे केले. त्याच्याच एका भावंडाला अमेरिकेत १९८७ साली परवानगी मिळाली. ही औषधे कोलेस्टेरॉल बनवणारे ते एन्झाइम रोखतात, एवढे सगळ्यांना माहीत असते. पण त्यांचा खरा परिणाम त्याच्या पुढच्या पायरीवर होतो. आत टंचाई झाली असे यकृताच्या पेशीला वाटते, ती रिसेप्टरचे जनुक जोरात चालू करते आणि अधिक रिसेप्टर पृष्ठभागावर पाठवून रक्तातले एलडीएल ओढून घेते. म्हणजे औषध रक्त धूत नाही, यकृताला धुवायला लावते. ज्या मुलांत रिसेप्टर मुळीच तयार होत नाहीत त्यांना स्टॅटिनचा उपयोग अगदी थोडा होतो, हे याच यंत्रणेचे दुसरे टोक. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या स्कँडिनेव्हियातल्या ४,४४४ हृदयरुग्णांच्या चाचणीत सिम्वास्टॅटिनने एकूण मृत्यूच तीस टक्क्यांनी कमी झाले, आणि तोवर ‘कोलेस्टेरॉल उतरवून माणसे वाचतात का?’ असे विचारणाऱ्या पुष्कळ अभ्यासू लोकांनी आपला प्रश्न मागे घेतला.

तरीही माझ्या मते सगळ्यात भक्कम पुरावा औषधातून आलेला नाही. फ्रान्समधल्या काही घराण्यांत एफएच होता, पण रिसेप्टरचे जनुक निर्दोष होते. २००३ साली दोष निघाला तो पीसीएसके९ नावाच्या दुसऱ्या प्रथिनात. हे प्रथिन यकृतातून बाहेर पडते, रिसेप्टरला चिकटते आणि त्याची परतीची खेप होऊ देत नाही; रिसेप्टर पेशीतच नष्ट होतो. या घराण्यांत ते गरजेपेक्षा जास्त काम करत होते. डल्लासच्याच हेलन हॉब्ज आणि जोनाथन कोहेन यांनी उलटा प्रश्न विचारला: ज्यांच्यात हे प्रथिन जन्मतः निकामी आहे त्यांचे काय होते? २००६ साली उत्तर आले. पंधरा वर्षे पाठपुरावा केलेल्या अमेरिकी कृष्णवर्णीयांत २.६ टक्के लोक असे होते. त्यांचे एलडीएल इतरांपेक्षा २८ टक्के कमी, आणि हृदयविकार ८८ टक्के कमी. असे लोक केवळ ८५ होते आणि त्यांतल्या एकालाच विकार झाला, तेव्हा या आकड्याला फार घट्ट धरू नये, हे बरोबर. पण गोऱ्यांत याच जनुकातला सौम्य बदल असलेले तीनशेवर लोक होते, एलडीएल अवघे १५ टक्के कमी, आणि विकार ४७ टक्के कमी. आता याच्या शेजारी औषधांच्या चाचण्या ठेवून पाहा. एलडीएल सुमारे चाळीस मिलिग्रॅमने उतरवले तर पाचेक वर्षांत मोठे झटके साधारण पाचव्या हिश्श्याने कमी होतात. उतार जवळपास तेवढाच, फायदा मात्र कितीतरी कमी. फरक आहे तो काळाचा. औषध सुरू होते पन्नाशी-साठीत, धमनीत थर बसून झाल्यावर. जनुक कामाला लागते जन्माच्या दिवसापासून. या लोकांनी उपासतापास केले नव्हते, तेल सोडले नव्हते, त्यांतले काही धूम्रपान करणारे आणि मधुमेहीही होते. त्यांच्याकडे होते ते काही अधिक रिसेप्टर, आणि तेही आयुष्यभर.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे: मग पथ्याला अर्थ नाही का, मनसोक्त खावे का? नाही. तूप, लोणी, वनस्पती तूप, पामतेल, खोबरेल यांतल्या संपृक्त स्निग्धांमुळे यकृतातल्या रिसेप्टरचे काम मंदावते, म्हणून त्यांचे प्रमाण घटवले की एलडीएल उतरते. कोकण-गोव्याकडच्या वाचकांना खोबरेलाचे नाव रुचणार नाही, पण इतर वनस्पती तेलांच्या तुलनेत ते एलडीएल वाढवते हे तपासून झालेले आहे. घरचे आहे म्हणून यकृत त्याला सूट देत नाही. तंतुमय पदार्थ आतड्यात पित्ताम्ले धरून ठेवतात, त्यामुळे यकृताला कोलेस्टेरॉल खर्च करावे लागते आणि ते अधिक रिसेप्टर काढते. म्हणजे पथ्य काम करते, याच वाटेने करते, आणि म्हणूनच त्याला मर्यादा आहे. सर्वसाधारण माणसात काटेकोर आहाराने एलडीएल दहा-पंधरा टक्क्यांनी कमी व्हावे. ज्याचे १४० आहे त्याला ते मोलाचे आहे. ज्याचे जन्मापासून २५० आहे, त्याला त्याच सल्ल्याचा कागद देऊन तीन महिन्यांनी ‘पथ्य पाळलेले दिसत नाही’ असे सुनावणे हा अन्याय आहे, आणि तो बाह्यरुग्ण विभागांत सर्रास होतो. व्यायाम, वजन, रक्तदाब, साखर, तंबाखू यांचे महत्त्व यातून तसूभरही कमी होत नाही. मी काढून घेतो आहे तो फक्त आरोप.

दुसरा आक्षेप जास्त चतुर आहे. झटका आलेल्या कित्येकांचे एलडीएल ‘नॉर्मल’ असते, मग त्याला कारण कसे म्हणायचे? अमेरिकेतल्या सव्वा लाखाहून अधिक रुग्णांच्या २००९च्या पाहणीत जवळपास निम्म्यांचे एलडीएल भरती होताना शंभरच्या खाली होते, हे खरे आहे. झटक्यानंतरच्या तासांत एलडीएल थोडे उतरते आणि त्यांतले काही आधीच औषधावर होते, ही त्याची एक बाजू. पण खरा घोटाळा ‘नॉर्मल’ या कल्पनेत आहे. प्रयोगशाळा त्या शब्दाखाली जे छापते ते बऱ्याचदा आजूबाजूच्या लोकांत काय आढळते याचे वर्णन असते. नवजात बाळाच्या रक्तात एलडीएल तीस मिलिग्रॅमच्या आसपास असते आणि पेशींची गरज भागवायला सुमारे पंचवीस पुरते, असे ब्राऊन आणि गोल्डस्टीन यांनी रिसेप्टरच्या पकडीवरून मांडले होते. जिथे सगळ्यांचेच १२० आहे तिथे १२० हे सामान्य आहे, पण निरुपद्रवी नाही. ब्रिटिश साथरोगतज्ज्ञ जेफ्री रोझ यांनी १९८५ साली हेच दाखवले: थोडा धोका असलेली माणसे पुष्कळ असतात, म्हणून बहुतेक रुग्ण त्यांच्यातूनच येतात. शंभराच्या आसपासचे एलडीएल साठ वर्षे वाहिले तर धमनीवर त्याचाही हिशेब लिहिला जातोच.

तिसरा आक्षेप आपला, घरचा आहे. ही सगळी गोऱ्यांची आकडेवारी; भारतीयाचे दुखणे मधुमेह, पोटाचा घेर, ट्रायग्लिसराइड आणि कमी एचडीएल यांचे आहे, एलडीएल आपल्यात फार नसतेच. यात तथ्य आहे. दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका कमी वयात येतो हे निर्विवाद आहे. बावन्न देशांच्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासातून डॉ. प्रशांत जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली दाखवले की आपल्याकडे ते वय ५३ आहे, इतर देशांत जवळपास ५९. पण या अभ्यासातून निघालेला निष्कर्ष आक्षेपाच्या बाजूने जात नाही. कमी वयाचे बरेचसे स्पष्टीकरण आपल्याकडे हेच नेहमीचे धोके लवकर गोळा होतात यातूनच मिळाले, आणि जगभरच्या विश्लेषणात सर्वांत जास्त वाटा उचलणाऱ्या घटकांत एलडीएलसारखे कण मोजणारे गुणोत्तर अग्रभागी होते. भारतीयाच्या कणांत कोलेस्टेरॉल कमी आणि कणांची संख्या जास्त असे पुष्कळदा असते. तिथे एलडीएलचा आकडा दिलासा देतो आणि कण आपले काम करत राहतात. एक गोष्ट मात्र मोकळेपणाने मान्य करायला हवी. लायपोप्रोटीन-ए हा जन्मजात ठरणारा दुसरा कण आपल्यात पुष्कळांत वाढलेला असतो आणि तो या रिसेप्टरच्या मुख्य वाटेने जात नाही. स्टॅटिन त्याला खाली आणत नाही. म्हणजे रिसेप्टर हे सगळ्याचे उत्तर नाही. पण हा अपवादही ताटाच्या बाजूने साक्ष देत नाही, कारण आहाराने तोही हलत नाही.

उरतो तो औषध कंपन्यांचा मुद्दा. सगळ्यांच्या रक्तात दोष दाखवायचा आणि गोळ्या खपवायच्या, हा संशय घ्यायला या उद्योगाने भरपूर कारणे दिली आहेत. पण स्टॅटिनची पेटंटे केव्हाच संपली, ती आता स्वस्त औषधांत मोडतात. महाग आहेत ती पीसीएसके९ अडवणारी इंजेक्शने, २०१५पासून बाजारात आलेली, आणि ती कोणाला हवीत हे ठरवायलाही रिसेप्टरची समजच लागते. दुष्परिणामांचे म्हणाल तर साखर थोडी वाढते: २५५ लोकांना चार वर्षे स्टॅटिन दिले तर एका जादा माणसाला मधुमेह होतो, असे २०१०च्या विश्लेषणाने दाखवले. मधुमेहाने गांजलेल्या देशात ही गोष्ट डॉक्टरने लपवू नये. स्नायू दुखण्याची तक्रार मात्र वेगळी निघाली. लंडनमध्ये या त्रासामुळे गोळी सोडलेल्या साठ जणांना काही महिने स्टॅटिन, काही महिने तशीच दिसणारी रिकामी गोळी आणि काही महिने काहीच नाही, असे दिले गेले. स्टॅटिनवरच्या त्रासाचा नव्वद टक्के भाग रिकाम्या गोळीवरही होता. त्यांचे दुखणे खोटे नव्हते, कारण दुसरे होते. मोबाइलवर फिरणारे ‘कोलेस्टेरॉल हे थोतांड’ छापाचे निरोप त्या दुखण्यात किती भर घालत असतील, याचा अंदाज ज्याने त्याने करावा.

आता हे सगळे आपल्या घराण्यांवर लावून पाहू. जगभरच्या पाहण्यांवरून एफएच साधारण तीनशे माणसांमागे एकाला असतो. हेच प्रमाण इथेही धरले तर भारतात अशी माणसे चाळीस लाखांच्या वर आणि महाराष्ट्रात सुमारे चार लाख होतात. त्यांतल्या फारच थोड्यांना आपल्याला तो आहे हे ठाऊक असते. कोणाला डोळ्यांच्या कडेला पिवळे चट्टे असतात, कोणाच्या टाचेमागची शीर जाड झालेली असते, बहुतेकांना काहीच नसते. आजार एकाकडूनच आलेला असला तरी प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी. दोघांकडून येण्याची वेळ एरवी क्वचित येते, पण मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल जिथे टिकून आहे तिथे ती वाढते, आणि महाराष्ट्रात ती अनेक समाजांत टिकून आहे. ‘आमच्याकडे हार्टचे आहे, आजोबाही पन्नाशीतच गेले’ हे वाक्य आपण नशीब सांगावे तसे सांगतो. खरे तर तो निदानाचा पहिला धागा आहे.

हा धागा धरल्याने काय होते, याचे सर्वांत चांगले उत्तर नेदरलँड्समध्ये आहे. तिथे १९९४पासून एक रुग्ण सापडला की त्याच्या भावंडांना, मुलांना, चुलत्यांना शोधून तपासण्याची राष्ट्रीय मोहीम चालली आणि अठ्ठावीस हजारांवर लोक सापडले. तिथल्याच २१४ मुलांना लहान वयातच स्टॅटिन सुरू करून वीस वर्षे पाठपुरावा झाला. २०१९ साली निकाल आला: वयाच्या ३९पर्यंत या मुलांपैकी एक टक्क्याला हृदयविकार झाला होता; त्यांच्या त्याच दोषाच्या आई-वडिलांत, तेवढ्याच वयापर्यंत, २६ टक्क्यांना. जनुक तेच, घर तेच, स्वयंपाकघरही बहुधा तेच. पिढी बदलली आणि गोळी सुरू होण्याचे वय बदलले. मुलांना सल्ला दिला जात नव्हता असे नाही, पण सल्ला पालकांनाही मिळत होताच. स्लोव्हेनिया तर शाळेत जाण्यापूर्वीच सगळ्या मुलांचे कोलेस्टेरॉल मोजते. अमेरिकेत २०११ साली तज्ज्ञांनी नऊ ते अकरा वर्षांच्या प्रत्येक मुलाची तपासणी सुचवली. आपल्याकडे मात्र पहिली लिपिड प्रोफाइल होते ती एकतर नोकरीच्या वैद्यकीय तपासणीत, नाहीतर अँजिओग्राफीच्या आदल्या दिवशी.

निरोगी मुलाला रुग्ण ठरवून त्याचे बालपण गढूळ करायचे का, ही शंका मला हलकी वाटत नाही. लग्नाच्या बाजारात अशा नोंदीचे काय होते हे आपल्याला चांगले माहीत आहे, आणि मुलीच्या बाबतीत तर विशेष. म्हणून सरसकट जनुक तपासणीऐवजी थोड्याशा रक्ताची लिपिड तपासणी आधी, तीही ज्यांच्या घरात लवकर झटका आला आहे त्यांची, असा क्रम मला योग्य वाटतो. उलट बाजूला तंत्रज्ञान भरधाव निघाले आहे. जुलै २०२२मध्ये न्यूझीलंडमध्ये एका रुग्णाच्या यकृतातले पीसीएसके९चे जनुक कायमचे बंद करण्यासाठी पहिल्यांदा औषध दिले गेले; पहिल्या आवृत्तीत रक्ताच्या तपासण्या बिघडल्याने २०२४ साली ती थांबवून दुसरी हाती घेतली गेली. कधीतरी हे उपचार इथेही येतील आणि सुरुवातीला ज्यांना परवडतील त्यांच्यासाठीच येतील. त्याची वाट पाहायचे कारण नाही. पंचेचाळिशीतला माणूस स्टेंट घेऊन घरी जातो तेव्हा त्याच्या हातात डिस्चार्जचा कागद असतो. त्यावर तेल किती, मीठ किती, अंड्यातला पिवळा भाग खायचा की नाही, हे छापलेले असते. त्याच्या मुलांची आणि भावंडांची लिपिड प्रोफाइल कधी करायची, ती एक ओळ त्याच कागदावर लिहायला ना नवे यंत्र लागते, ना नवा निधी.